लोअर नाइन्थ वॉर्ड : कालव्याने तोडलेल्या एका वस्तीचा इतिहास

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल आपल्याकडे वाचले जाते ते बहुतेक व्यक्तींबद्दल. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे चळवळीतल्या कुठल्याही तरुणाला माहीत असतात. वस्त्यांचा इतिहास मात्र फारसा मराठीत येत नाही. माणसांना वेगळे पाडण्याचे काम जेवढे कायद्याने होते तेवढेच नकाशानेही होते. कालवा कुठून खणायचा, रस्ता कुणाच्या दारावरून न्यायचा, पूल किती बांधायचे, हे ठरवणारा माणूस जातीचे किंवा वंशाचे नावही न घेता आपले काम करून जातो. म्हणून या लेखात आम्ही न्यू ऑर्लिन्स शहरातील लोअर नाइन्थ वॉर्ड या एका वस्तीची माहिती देत आहोत.

आधी नावाबद्दल. 'लोअर' म्हणजे खालचा, हे वाचून आपल्या मनात लगेच खालची आळी, गावकुसाबाहेरचा वाडा असे काही उभे राहते. मूळ अर्थ तो नाही. मिसिसिपी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली, समुद्राच्या बाजूला असलेला भाग तो 'लोअर', एवढाच. न्यू ऑर्लिन्समध्ये दिशा सांगताना पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नाही, नदीच्या वरच्या अंगाला की खालच्या अंगाला असे विचारतात. १८५२ साली शहराचे वॉर्ड पाडले गेले तेव्हा सगळ्यात शेवटचा, नदीच्या खालच्या टोकाचा वॉर्ड नववा झाला. त्यात वरचा आणि खालचा असा भेद नव्हता. तो पुढे एका कालव्याने केला.

उंच जमीन कुणाची, दलदल कुणाची

१७१८ साली फ्रेंचांनी हे शहर वसवले ते नदीकाठच्या उंचवट्यावर. मिसिसिपीला दरवर्षी पूर यायचा आणि गाळ काठावर साचायचा, त्यामुळे काठ उंच आणि काठापासून आत जावे तसतशी जमीन खोल, अशी इथली रचना आहे. आपल्याकडे नदीकाठची जमीन पुराची म्हणून टाळतात. तिथे उलटे आहे, काठ सुरक्षित आणि मागची बाजू दलदलीची. पैसेवाल्यांनी काठ घेतला. मागे सायप्रस वृक्षांचे दलदलीचे रान होते, डास होते, पिवळा ताप होता.

नाइन्थ वॉर्डाच्या या टोकाला उसाचे मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत होते. १८६५ साली यादवी युद्ध संपून गुलामी कायद्याने गेली, तेव्हा मुक्त झालेल्या कुटुंबांना शहराच्या चांगल्या भागात जागा घेणे परवडत नव्हते. या भागात जमीन स्वस्त होती. त्यांच्याबरोबर आयरिश, जर्मन आणि पुढे इटालियन मजूरही आले. म्हणजे सुरुवातीला ही वस्ती मिश्र होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. बंदरात हमाली, साखर कारखान्यात काम, घरामागे भाजीपाला आणि कोंबड्या, अशी राहणी होती. सरकारी सोय जवळजवळ नव्हती, म्हणून लोकांनी परस्पर साहाय्याची मंडळे काढली. महिन्याला वर्गणी भरायची, आजारपणात डॉक्टरचा खर्च आणि मरणानंतर दफनाचा खर्च मंडळाने करायचा. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या वाचकांना मयत फंड म्हटले की हे लगेच समजेल.

याच नाइन्थ वॉर्डाच्या वेशीवर, प्रेस स्ट्रीटच्या रेल्वे स्थानकात, ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा चर्मकामगार गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला आणि त्याने स्वतःला अटक करून घेतली. हा ठरवून केलेला सत्याग्रह होता. न्यू ऑर्लिन्समधल्या नागरिकांच्या एका समितीने वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान देण्यासाठी तो आखला होता. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. 'वेगळे पण समान' या तत्त्वाला त्या निकालाने मान्यता मिळाली आणि पुढची अठ्ठावन्न वर्षे, १९५४ पर्यंत, ती टिकली.

कालवा

न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेला मिसिसिपी नदी आणि उत्तरेला पाँटचारट्रेन हे मोठे सरोवर. दोन्हींना जोडणारा जहाजांचा मार्ग असावा, म्हणजे व्यापार वाढेल आणि काठावर कारखाने येतील, ही व्यापाऱ्यांची जुनी मागणी होती. १९१८ साली काम सुरू झाले. मे १९२३ मध्ये सुमारे साडेपाच मैल लांबीचा इंडस्ट्रियल कॅनॉल उघडला. नदीची पातळी सरोवराहून वर, म्हणून नदीच्या तोंडाशी लॉकगेट बसवले, जहाज आत घेऊन पाण्याची पातळी कमी-जास्त करणारे. त्याची रुंदी ७५ फूट. ते शंभर वर्षांनंतरही तेच आहे.

कालव्याची जागा कशी निवडली हे पाहण्यासारखे आहे. शहराच्या मध्यातून कालवा नेता आला नसता, तिथे वस्ती दाट आणि वजनदार. नाइन्थ वॉर्ड टोकाला होता आणि तिथल्या लोकांचा आवाज महापालिकेत पोहोचत नव्हता. अरसुलाइन जोगिणींचा जवळपास शतकभर जुना मठही या मार्गात होता, तो हलवावा लागला. पण त्यांना शहराच्या चांगल्या भागात नवी वास्तू उभी करता आली. बाकी वस्तीचे तसे नव्हते. एक वॉर्ड मधोमध चिरला गेला आणि नदीच्या खालच्या टोकाचा तुकडा पलीकडे राहिला. 'लोअर नाइन्थ वॉर्ड' हे नाव खऱ्या अर्थाने तेव्हापासून.

एक योगायोग नोंदवतो. १९२३ च्याच ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्यातूनच पुढे २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या बँकवाल्यांनी सरकारकडून परवानगी मिळवून शहराच्या खाली कारनार्वन येथे नदीचा बांध सुरुंगाने उडवला. शहर वाचावे म्हणून पलीकडच्या सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या ग्रामीण भागात पाणी सोडले. हजारो लोकांची घरे बुडाली, भरपाईचे वचन फार थोड्यांना मिळाले. या सुरुंगाची आठवण लोअर नाइन्थच्या लोकांनी कायम मनात ठेवली. ती पुढे दोनदा उफाळून आली.

आता या वस्तीची चतुःसीमा सांगतो. दक्षिणेला मिसिसिपी. पश्चिमेला इंडस्ट्रियल कॅनॉल. उत्तरेला फ्लोरिडा अव्हेन्यूचा रेल्वेमार्ग, सांडपाण्याचा कालवा आणि त्यापलीकडे बायू बियँव्हन्यू ही खाडी. पूर्वेला जॅक्सन बॅरक्स ही लष्करी छावणी आणि दुसऱ्या जिल्ह्याची, म्हणजे सेंट बर्नार्डची हद्द. शहरात जायचे तर तीनच पूल, फ्लोरिडा, क्लेबोर्न आणि सेंट क्लॉड, आणि तिन्ही उचलते. जहाज आले की पूल वर जातो आणि कामावर निघालेला माणूस, शाळेची बस, रुग्णवाहिका सगळे थांबून राहतात. त्यातला क्लेबोर्नचा पूल १९५७ मध्ये झाला, तोपर्यंत दोनांवरच भागवावे लागे.

रस्त्यांनीही जोडण्यापेक्षा तोडण्याचेच काम जास्त केले. सेंट क्लॉड आणि क्लेबोर्न हे दोन रुंद हमरस्ते सेंट बर्नार्डकडची वाहतूक घेऊन वस्तीच्या पोटातून जातात. त्यामुळे वस्तीच्या तीन पट्ट्या झाल्या. नदीकाठचा होली क्रॉस, थोडा उंच आणि थोडा बरा. मधली पट्टी. आणि क्लेबोर्नच्या उत्तरेची, सगळ्यात खोल आणि सगळ्यात गरीब. १९६६ मध्ये शहराच्या बाजूला, ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या भागात, याच क्लेबोर्न अव्हेन्यूवरच्या ओक वृक्षांच्या रांगा तोडून वर उन्नत महामार्ग चढवला गेला. त्या झाडांखाली बाजार भरत, मिरवणुका निघत. लोअर नाइन्थचा माणूस पूल ओलांडून ज्या बाजारात येत होता तो बाजारच खांबांच्या सावलीत गेला.

तीन मुली आणि एक शाळा

ज्यांना या वस्तीचे एकच पान वाचायचे असेल त्यांनी १४ नोव्हेंबर १९६० चे वाचावे, असे आम्ही सुचवू. त्या दिवशी न्यायाधीश स्केली राइट यांच्या आदेशाने न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या दोन शाळांत चार कृष्णवर्णीय मुली पहिलीत दाखल झाल्या. रुबी ब्रिजेस कालव्याच्या अलीकडच्या विल्यम फ्रँट्झ शाळेत गेली. नॉर्मन रॉकवेलच्या चित्रामुळे तिचे नाव जगभर झाले. उरलेल्या तिघी, लिओना टेट, गेल एटिएन आणि टेसी प्रेव्हो, लोअर नाइन्थमधील सेंट क्लॉड अव्हेन्यूवरच्या मॅकडोनॉ क्रमांक १९ या शाळेत गेल्या. सगळ्या सहा वर्षांच्या. फेडरल मार्शलच्या पहाऱ्यात, शिव्या देणाऱ्या जमावामधून.

दोन्ही शाळा नाइन्थ वॉर्डातच का? शहरात श्रीमंत गोऱ्यांच्या शाळा होत्या. तिथल्या काही पालकांनी आपली शाळा पुढे येऊन देऊ केली होती, तरी शाळा मंडळाने गरीब गोऱ्या कामगारांच्या भागातल्या शाळा निवडल्या. वरच्यांनी आपले अंगण राखून दोन गरिबांना समोरासमोर उभे केले. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे.

पहिल्या काही दिवसांतच मॅकडोनॉ १९ मधून गोऱ्यांची सगळी मुले निघून गेली. ते वर्ष त्या इमारतीत प्रामुख्याने या तीनच विद्यार्थिनी होत्या. खिडक्यांना कागद चिकटवले होते. बाहेर खेळायला सोडत नसत, त्या जिन्याखाली खेळत. डबा घरून आणत, कारण विषाची भीती होती. शाळेतले पिण्याच्या पाण्याचे नळ बंद ठेवले होते, असे त्यांनी पुढे मोठेपणी मुलाखतींत सांगितले आहे. तिसरीत त्यांना जवळच्या दुसऱ्या शाळेत घातले, तिथे गोरी मुले होती आणि तिथला मार, थुंकणे हे त्याहून वाईट होते, असेही त्या सांगतात.

यानंतर गोरी कुटुंबे झपाट्याने सेंट बर्नार्डकडे सरकली, हद्दीच्या पलीकडे. १९२० च्या आसपासची मिश्र वस्ती २००० सालापर्यंत ९५ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय झाली. 'ते लोक एकत्र का राहतात' असे विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. ते तिथेच होते, निघून गेले ते दुसरे.

पँथर

१९७० साली ब्लॅक पँथर पक्षाची शाखा नाइन्थ वॉर्डात आली, कालव्याच्या अलीकडे डिझायर या सरकारी गृहप्रकल्पात. हा प्रकल्पसुद्धा असाच कोंडलेला होता, एका बाजूला इंडस्ट्रियल कॅनॉल, दुसऱ्या बाजूला फ्लोरिडाचा कालवा आणि भोवती रेल्वेचे रूळ. हजारो गरीब कुटुंबे तिथे राहत. पँथरांनी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला, परिसर स्वच्छ केला. सप्टेंबरमध्ये पोलिसांनी छापा घालून गोळीबार केला. १९ नोव्हेंबरला पोलीस चिलखती गाडी घेऊन परत आले, तेव्हा हजारो रहिवासी, त्यात बायका आणि मुलेही, पोलीस आणि पँथर यांच्या मध्ये उभे राहिले. पोलिसांना माघारी जावे लागले. आठवड्याभराने ते वेश पालटून, पाद्री बनून आले आणि अटक केली. पण १९ नोव्हेंबरचा दिवस लोकांचा होता.

दोन वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली, ती या पक्षाच्या नावावरूनच. डिझायरच्या त्या घटनेत असलेले मलिक रहीम यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

बेट्सी ते कतरिना

९ सप्टेंबर १९६५ च्या रात्री बेट्सी चक्रीवादळ आले. कालव्याचे बांध फुटले आणि लोअर नाइन्थ छपरापर्यंत बुडाला. लोक पोटमाळ्यावर चढून कुऱ्हाडीने छप्पर फोडून बाहेर आले. ज्यांच्याकडे कुऱ्हाड नव्हती ते आतच राहिले. त्यानंतर पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवायची सवय अनेक घरांत पडली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुसऱ्या दिवशी आले, अंधाऱ्या निवारा-शाळेत स्वतःच्या चेहऱ्यावर टॉर्च धरून लोकांशी बोलले. बांध मुद्दाम उडवला असे लोक तेव्हा म्हणाले. त्याचा पुरावा नाही. पण १९२७ चा सुरुंग खरा होता, त्यामुळे ही शंका अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे आम्हाला पटत नाही.

याच काळात एक नवा जलमार्ग खोदला जात होता. समुद्रातून थेट न्यू ऑर्लिन्सला येणारा, ७६ मैलांचा, मिसिसिपी रिव्हर-गल्फ आउटलेट. लोक त्याला 'मिस्टर गो' म्हणतात. तो इंडस्ट्रियल कॅनॉलला येऊन मिळतो. जहाजे अपेक्षेपेक्षा फारच कमी आली, खारे पाणी मात्र आत आले. बायू बियँव्हन्यूच्या दलदलीतले सायप्रसचे रान त्या खाऱ्या पाण्याने मेले. हे रान वादळाच्या लाटेला अडवत असे. आता तिथे उघडे पाणी आणि झाडांची खुंटे आहेत.

२९ ऑगस्ट २००५ ची सकाळ. (मुंबईत २६ जुलैचा पाऊस होऊन महिनाच झाला होता, मिठीकाठचे लोक अजून चिखल उपसत होते.) कतरिना वादळाची लाट कालव्यात घुसली आणि आठच्या सुमारास फ्लोरिडा आणि क्लेबोर्न यांच्या मधली पूर्वेकडची काँक्रीटची भिंत दोन ठिकाणी कोसळली. पाणी चढत चढत आले नाही, भिंतीसारखे आले. लाकडी घरे पायापासून उखडून एकमेकांवर जाऊन आदळली. कालव्यातला एक मोठा पोलादी बार्ज भगदाडातून वाहत आला आणि घरांवर बसला. प्रसिद्ध गायक फॅट्स डॉमिनो तोपर्यंत याच वस्तीत राहत होते, त्यांना बोटीने काढावे लागले. वादळाने एकूण हजाराहून अधिक बळी घेतले. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली होता, पण घरेच्या घरे पुसली गेली ती इथे. सप्टेंबरमध्ये रिटा वादळाने तात्पुरते बुजवलेले भगदाड पुन्हा उघडले आणि वस्ती दुसऱ्यांदा बुडाली.

पाणी ओसरल्यानंतर

शहराच्या बाकी भागांत लोक परतू लागले तेव्हा क्लेबोर्नच्या उत्तरेला पहारा होता. रहिवाशांना बसमधून किंवा काही तास पाहून परत जाण्यापुरते सोडले. शहर पुन्हा बांधताना आकार कमी करावा, खोलगट भाग मोकळे सोडावेत असा तज्ज्ञांचा सल्ला आला. जानेवारी २००६ मध्ये वर्तमानपत्रात नकाशा छापला गेला, त्यावर वस्त्यांच्या जागी उद्यानांची हिरवी वर्तुळे होती. त्याच सुमारास महापालिकेने पडकी घरे बुलडोझरने काढण्याचे ठरवले. रहिवासी कोर्टात गेले आणि मालकाला नोटीस दिल्याशिवाय घर पाडणार नाही, हे महापालिकेला मान्य करावे लागले.

खोल जमिनीचा मुद्दा खोटा नव्हता, अर्धवट होता. सरोवराकाठचा सुस्थितीतल्या गोऱ्यांचा लेकव्ह्यू हा भागही असाच खोल आणि असाच बुडालेला. तो बांधला गेला.

फरक कागदांत होता. २००० च्या जनगणनेत लोअर नाइन्थमध्ये सुमारे ५९ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, शहराचे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आत होते. म्हणजे ही भाडेकरूंची झोपडपट्टी नव्हती. पण आजोबांचे घर नातवाकडे आले ते तोंडी, वारसनोंद न करता. सातबाऱ्यावर मेलेल्या आज्याचेच नाव, ही आपल्याकडची रड तिथेही होती. 'रोड होम' ही मदत योजना आली तेव्हा नावावर कागद नाही म्हणून अनेकांचे अर्ज अडले. ज्यांचे कागद होते त्यांना घराची वादळाआधीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांतली जी रक्कम कमी ती मिळायची. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्याच आकाराच्या, त्याच बांधणीच्या घराची बाजारात किंमत कमी. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च सारखा असूनही हातात पैसे कमी आले. २००८ मध्ये या सूत्राविरुद्ध दावा झाला आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली. तोवर बहुतेक लोक ह्यूस्टन, अटलांटात स्थिरावले होते. वस्तीच्या उत्तरेच्या भागात, म्हणजे होली क्रॉस वगळून, २००० साली सुमारे १४ हजार लोक होते. २०१० च्या जनगणनेत तीन हजारही भरले नाहीत.

'मिस्टर गो'च्या खटल्यात २००९ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी लष्कराच्या अभियंता दलाला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले, काही रहिवाशांना भरपाई मंजूर केली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने सरकारला कायद्याचे संरक्षण आहे म्हणून तो निकाल फिरवला. जलमार्ग मात्र २००९ मध्ये दगडांचा बांध घालून बंद केला गेला. आता बाहेर १.८ मैलांची लाटरोधक भिंतही आहे.

जे परतले ते एकटे परतले नाहीत. वर उल्लेख केलेल्या मलिक रहीम यांनी सप्टेंबर २००५ मध्येच 'कॉमन ग्राउंड' ही संघटना सुरू केली. देशभरातून हजारो स्वयंसेवक आले, चिखल काढला, दवाखाना चालवला, रहिवाशांचे कायदेशीर अर्ज भरले. पँथरांच्या नाश्त्याच्या कार्यक्रमाची ही पुढची पायरी म्हणता येईल. मार्टिन ल्यूथर किंग शाळा २००७ मध्ये वस्तीत परत उघडली, ती लोकांनी स्वतः साफ करून. एका सिनेनटाच्या संस्थेने दीडशे पर्यावरणपूरक घरांचा संकल्प सोडला, शंभराच्या वर बांधलीही, पण दशकभरात त्यांतली बरीच कुजली, गळू लागली आणि प्रकरण कोर्टात गेले. निवृत्त ट्रामकामगार रोनाल्ड लुईस यांनी टुपेलो स्ट्रीटवर आपल्या परसात मिरवणुकीचे पोशाख, पिसारे, फोटो मांडून एक संग्रहालय चालवले होते. वादळात ते गेले, त्यांनी पुन्हा उभे केले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. न्यू ऑर्लिन्सला अभ्यासासाठी गेलेल्या आपल्यातल्या कुणी तिथली माहिती लिहून पाठवली तर आम्ही ती प्रसिद्ध करू.

मॅकडोनॉ १९ ची इमारत वादळानंतर पडून होती. लिओना टेट यांनी ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२२ मध्ये ती 'टेप सेंटर' म्हणून उघडली, टेट, एटिएन आणि प्रेव्हो या आडनावांच्या आद्याक्षरांवरून. खाली नागरी हक्क लढ्याचे प्रदर्शन आणि वर ज्येष्ठांसाठी परवडणारी भाड्याची २५ घरे. टेसी प्रेव्हो २०२४ मध्ये वारल्या. लॉकगेट मोठे करण्याची योजना १९५६ पासून कागदावर आहे. ते झाले तर वर्षानुवर्षे खोदकाम आणि पुलांची अडवणूक होईल, म्हणून रहिवासी पिढ्यान्पिढ्या तिला विरोध करत आले आहेत. सेंट क्लॉडचा पूल अजून तोच आहे, कालव्याबरोबर बांधलेला, आणि जहाज आले की तो आजही वर जातो.